एकतीस नोव्हेंबरची विल्हेवाट

लिहून ठेवणारा मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणे व सध्या गॅलरीत बसणे, राहणार दुसरा मजला, असे जाहीर करतो की आज माझी शुद्ध शाबूत आहे, चष्मा नाकावर आहे आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझी कन्या गेले दोन महिने फोनवर दिवसातून तीनदा "बाबा, लिहिलंत का?" असे विचारते. पण वकीलबाईंच्या मते कायद्यात याला दडपण म्हणत नाहीत, कन्या म्हणतात.

मला कोणताही आजार नाही. वर्ष संपत आले की मला आवराआवर सुचते, एवढेच. मागच्या डिसेंबरात माळा आवरला होता. या डिसेंबरात स्वतःला आवरत आहे.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी असे माझे राहते घर मी माझ्या कन्येस देतो. अट एकच. स्वयंपाकघरातली दारापासून तिसरी फरशी सैल आहे, तिच्यावर पाय पडला की टक् असा आवाज होतो. ती बसवून घेऊ नये. त्या आवाजावरून कोण आले ते मला न बघता कळते. माझी पत्नी आली की टक् हलका व्हायचा आणि पाठोपाठ बोलणे यायचे.

कलम २. जावई. माझे जावई सज्जन आहेत, परंतु त्यांच्या हाताला स्वस्थता नाही. त्यांनी दुरुस्त केलेले घड्याळ आता फक्त त्यांनाच वाचता येते. म्हणून त्यांना या घरातील कोणतीही वस्तू दुरुस्त करण्याचा, घट्ट करण्याचा किंवा "जरा बघू" असे म्हणण्याचा हक्क राहणार नाही. त्याबदल्यात माझी आरामखुर्ची त्यांना द्यावी. तिचा एक पाय आखूड आहे. तो त्यांनी आपल्या घरी नेऊन काय करायचे ते करावे.

कलम ३. शिडी. माझी लाकडी शिडी तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर अकरा वर्षांपूर्वी "दहा मिनिटांत देतो" म्हणून घेऊन गेले. ती मी त्यांनाच देणार होतो, कारण ती आता त्यांच्याकडे रुळली आहे. परंतु त्यांनी या मृत्युपत्रावर साक्षीदार व्हायचे कबूल केले आहे, आणि वकीलबाई म्हणतात, "ज्याला काही देताय, त्याची सही साक्षीला घेऊ नका. उद्या कोणी वाद काढला तर त्याचं मिळालेलं जाईल." सबब शिडी त्यांना देत नाही. फक्त परत मागत नाही. यातला फरक त्यांनी समजून घ्यावा.

कलम ४. बँकेत जे काही असेल ते कन्येस. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही, हीच मुळात अडचण आहे.

कलम ५. लोकरी मोजे, राखाडी, एक जोड. यावर कन्येची हरकत आहे. "बाबा, मृत्युपत्रात मोज्यांचं काय काम?" असे ती म्हणाली. काम असे की हिवाळ्यात ते दुपारभर दोरीवर उन्हात ठेवून मग पायात घातले तर माणसाला आपण फार मोठे कोणीतरी आहोत असे वाटते. हे सुख मला साठीनंतर समजले. तिला चाळिशीतच मिळावे म्हणून मोजे तिला.

कलम ६. उन्हाचा पट्टा. डिसेंबर महिन्यात दुपारी तीन ते पावणेचार या वेळात समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून एक हातभर रुंद ऊन आमच्या गॅलरीत येते. ते घराबरोबर कन्येकडे जाईल हे उघड आहे. तरी स्पष्ट लिहितो, कारण जावई तिथे छप्पर घालायचे म्हणत होते.

कलम ७. कॅलेंडरे. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझी सर्व जुनी भिंतीवरची कॅलेंडरे आहेत. ती रद्दीत देऊ नयेत. माझ्या पत्नीने लग्नाच्या पहिल्या वर्षीच नियम केला की रोजच्या तारखेच्या चौकोनात त्या दिवशी जे काही बरे झाले ते पेन्सिलीने लिहायचे. चौकोन लहान, म्हणून गोष्टही लहान. आणि वर्षाच्या शेवटच्या दुपारी, कॅलेंडर खिळ्यावरून उतरवण्यापूर्वी, गॅलरीत उन्हात बसून सगळे मोठ्याने वाचायचे. मला सुरुवातीला हा पोरकटपणा वाटला. मी म्हटले, "अगं, रोज काय बरं होणार?" ती म्हणाली, "रोज नाही झालं तर माझ्याकडे या, मी करून देईन."

नमुन्यादाखल या वर्षातले काही चौकोन देतो. "संत्रे सोलले, साल अखंड निघाली." "जुन्या कोटाच्या खिशात पेपरमिंटची गोळी. अजून गोड." "डॉक्टरांच्या दवाखान्यात कोणीतरी किंचाळले. मी नव्हतो." "समोरच्या इमारतीतले गंभीर गृहस्थ गॅलरीत नाचले. कोणी बघत नाही असे त्यांना वाटले."

पाच वर्षांपूर्वी पत्नी गेली. त्या वर्षीच्या कॅलेंडरात एकेचाळीस चौकोन रिकामे आहेत. बेचाळिसाव्यात लिहिले आहे: "तिचा चष्मा सापडला. फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी. हसू आले." ते वाचल्याशिवाय कोणी मला दुःखी म्हातारा म्हणू नये, आणि वाचल्यावर सुखीही म्हणू नये.

कलम ८. ज्येष्ठ बंधू. आता मुद्द्यावर येतो.

माझे ज्येष्ठ बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, किंवा म्हणत असे, नेमके आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही दोघे एकाच छापखान्यात होतो. मी खिळे जुळवायचो आणि दादा प्रुफे तपासायचा. बावीस वर्षांपूर्वी आम्ही गल्लीतल्या दुकानांसाठी भिंतीवरचे कॅलेंडर छापले. आमची एक सवय होती. एक महिना छापून झाला की जुळवलेली चौकट मोडायची नाही, तीच पुढच्या महिन्याला घ्यायची, महिन्याचे नाव बदलायचे आणि आकडे वारांप्रमाणे सरकवायचे. मेहनत निम्मी होते. ऑक्टोबरची चौकट उचलून मी नोव्हेंबर केला, आणि शेवटचा एकतीस काढायचा राहिला. दादाने प्रूफ तपासले. वार बरोबर, रेघा सरळ, शाई एकसारखी. त्याने सही केली. अशा रीतीने आमच्या गल्लीला एकतीस नोव्हेंबर मिळाला.

पुढे जे व्हायचे ते झाले. दातांच्या डॉक्टरांनी त्या तारखेला तीन लोकांना बोलावून ठेवले. शिंप्याने माझा कोट "एकतीस नोव्हेंबरला नक्की" असे सांगितले, आणि कोट मागितला की तो आजही कॅलेंडर दाखवतो. छापखान्याच्या मालकांनी आम्हा दोघांना समोर उभे केले आणि विचारले, "चूक कोणाची?" आम्ही दोघांनी एकाच क्षणी एकमेकांकडे बोट केले.

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. एक जिना, एक पाण्याची टाकी, आणि बावीस वर्षे अबोला. चिठ्ठ्या वहिनींमार्फत जातात. मी एकदा लिहिले, "तुमच्या गळक्या नळामुळे आमचे छत ओले होते." चिठ्ठी लाल शाईत दोन दुरुस्त्या होऊन परत आली. नळ तसाच.

मात्र वर्षाच्या शेवटच्या दुपारी मी गॅलरीत वाचायला बसलो की वरच्या गॅलरीत खुर्ची सरकते. मी तारीख चुकून वाचली की वरून खोकला येतो. तो खोकला सर्दीचा नाही, प्रुफाचा आहे. तो ऐकतो हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. पत्नी गेली त्या वर्षी रिकाम्या चौकोनांपाशी माझा आवाज बंद पडला. तेव्हा वरून एक खोकला आला. चूक काहीच नव्हती. पुढे वाच, असा तो खोकला होता. मी वाचले.

कॅलेंडरांच्याच कप्प्यात माझा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात नोव्हेंबरचे ते प्रूफ आहे, खाली दादाची सही. मालकांनी विचारले तेव्हा ते माझ्या खिशातच होते. माझ्यामागे कन्येने ते न वाचता फाडावे.

कलम ९. एकतीस नोव्हेंबर. या दिवसाबद्दल माझ्या पत्नीचे मत वेगळे होते. सगळी गल्ली आमच्यावर हसत होती तेव्हा ती म्हणाली, "छापलाय ना? विकलाय ना? मग तो दिवस आहे. यायचा राहिलाय, एवढंच." तिने एक कॅलेंडर बाजूला काढून ठेवले आणि ठरवले की हा दिवस आपण एकदाच वापरायचा, काहीही उपयोगाचे न करता. मी म्हटले, कधी? "तुमचे दादा खाली आले की." ती दरवर्षी आठवण करायची. मी दरवर्षी म्हणायचो, आधी तो येऊ दे. तो म्हणत असणार, आधी तो वर येऊ दे. दिवस न वापरताच ती गेली. मला आयुष्यात वाईट वाटते ते याच एका गोष्टीचे.

तरी सदर एकतीस नोव्हेंबर, न वापरलेला, मूळ कॅलेंडरासह, मी ज्येष्ठ बंधूंना देतो. माझ्याने तो एकट्याने वापरवत नाही.

कलम १०. साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टर. दुसरे मिळालेले नाहीत. वहिनींना विचारले तर त्या म्हणाल्या, "मी नाही बाई, तुम्हा दोघांच्या मधे बावीस वर्षं झाली, आता सही पण मीच करू?"

पुरवणी. त्याच दिवशी, दुपारी.

वरील लिहून झाल्यावर मी रिवाजाप्रमाणे गॅलरीत बसून या वर्षीचे कॅलेंडर वाचले. वर खुर्ची सरकली. दोनदा खोकला आला, दोन्ही वेळा रास्त. डिसेंबर संपल्यावर मी बावीस वर्षांपूर्वीचे ते कॅलेंडर मांडीवर घेतले आणि मोठ्याने म्हणालो, "एकतीस नोव्हेंबर." खोकला आला नाही. मी थांबलो. मग जिन्यावर चपला वाजल्या, एकेक पायरी, फार सावकाश. नंतर स्वयंपाकघरातली तिसरी फरशी टक् वाजली. हा टक् मला ओळखता आला नाही.

दादा दारात उभा होता. खिशाला लाल पेन.

"त्या चौकोनात काय लिहिलंय?" त्याने विचारले.

"काही नाही. रिकामा आहे."

"मग वाचत काय होतास?"

"तू येतोस का बघत होतो. किती वेळ लावलास."

"गुडघा," दादा म्हणाला, आणि आखूड पायाच्या आरामखुर्चीत बसला. ती कलंडली. त्याने काही दुरुस्ती सुचवली नाही, यावरून तो किती गोंधळला होता ते कळावे.

त्याने टेबलावरचे हे मृत्युपत्र उचलले. कागद दिसला की तो वाचणारच. आठव्या कलमापाशी तो उठला, पत्र्याचा डबा स्वतःच काढला आणि प्रूफ उन्हात धरले.

"माझी सही आहे ही."

"हो."

"खिशात होती, तर दाखवली का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती."

"मग बोट कशाला केलंस?"

"तू केलंस म्हणून."

मग त्याने प्रुफाचे चार तुकडे केले, खिशात घातले आणि संत्रे मागितले. मी सोलले. साल अखंड निघाली नाही, पण त्याने अर्धे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "ती असताना तिला मी एकदा तरी भेटायला यायला हवं होतं रे. रोज ठरवायचो." मी रडलो. तोही रडला. तेवढ्यात आमच्या संत्र्याच्या बिया खाली डॉक्टरांच्या टकलावर पडल्या आणि ते ओरडून वर बघू लागले. मग आम्ही दोघे खाली वाकून लपलो. आमची वये मिळून एकशे एकावन्न आहेत.

उन्हाचा पट्टा जाईपर्यंत आम्ही काहीही उपयोगाचे केले नाही. चौकोनात दादाने आपल्या हाताने लिहिले आहे: "खाली आलो."

सबब कलम ९ रद्द. एकतीस नोव्हेंबर आज वापरून संपला आहे. वापरून संपलेली गोष्ट कोणाला ठेवता येत नाही, असे वकीलबाईंनी फोनवर सांगितले, आणि सुट्टीच्या दिवशी फोन करू नका असेही सांगितले. या मृत्युपत्राने दादाला आता काहीच मिळत नाही. त्यामुळे त्याची सही साक्षीला चालते.

ठिकाण: आमची गॅलरी.
दिनांक: एकतीस डिसेंबर. तीन ते पावणेचार, एकतीस नोव्हेंबर.

(सही) मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिले: (सही) दातांचे डॉक्टर, तळमजला. शिडी उद्या देतो.

साक्षीदार दुसरे: (सही) ज्येष्ठ बंधू, तिसरा मजला. संपूर्ण वाचले. चुका तीन. दोन सुधारल्या. तिसरी आम्हा दोघांची आहे, ती तशीच ठेवावी.