मशीनच्या खोलीची फरशी

४ मार्च, मंगळवार

खोली नापास. हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागातल्या सिस्टर पाहून गेल्या. नळ ठीक, वीज ठीक, फरशी नाही. वॉशिंग मशीनच्या गळतीनं जुन्या पट्ट्या सांध्यासांध्यांत फुगल्यात. "काका, डायलिसिसच्या मशीनला पाणी लागतं, कधी ना कधी सांडतंच. फरशीत मुरून चालणार नाही. आधी पाणी न शिरणारी फरशी, मग मशीन घरी, मग तुमचं शिक्षण."

माझं शिक्षण म्हणजे हिला सुया टोचायला शिकणं. चाळीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुकांवर लाल पेनानं खुणा केल्या. आता हे.

हिला विचारलं, कशी हवी? म्हणाली, "लाकडासारखी दिसणारी. हॉस्पिटलसारखी पांढरी घातलीत तर त्या खोलीत पाऊल टाकायची नाही."

५ मार्च, बुधवार

सोमवार, बुधवार, शुक्रवार — हिचं हॉस्पिटलात डायलिसिस, चार चार तास. दीड वर्ष झालं. मी बाहेर बाकावर बसतो. आज हिनं हाकललं. "इथं बसून कुणाचं भलं होतंय? जा, दुकानं बघा."

पहिल्या दुकानातला म्हणे, पाणी सांडलं तरी काही होत नाही, लगेच पुसलंत की झालं. लगेच कोण पुसणार? माझे दोन्ही हात हिच्या सुईवर असणार. दुसरा दुकानदार बरा वाटला. पाणी सोसणारी वेगळी आणि पाणी न शिरणारी वेगळी, म्हणाला. लॅमिनेटच्या पोटात लाकडाचा भुसा असतो, तो आज ना उद्या फुगतोच. विनाइलच्या पट्ट्यांच्या पोटात दगडाची भुकटी असते, ती फुगत नाही. वरचा पारदर्शक थर जाड बघून घ्या, खुर्च्या सरकवल्या तरी ओरखडा उठणार नाही. "आयुष्यभराची गॅरंटी, काका."

कुणाच्या आयुष्यभराची, ते विचारलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

येताना गाडीत पाहिलं. हिचा हात कोपरापर्यंत काळानिळा. फरशीनं काय होणार आहे?

९ मार्च, रविवार

काल सकाळी दुकानांतून आणलेले फरशीचे सगळे नमुने बादलीत बुडवून ठेवले होते. आज काढले. लॅमिनेट भिजल्या पुठ्ठ्यासारखं झालंय, विनाइल जसंच्या तसं. हिला दिवसाला पाऊण लिटरच पाणी, तेही मोजून. नमुने बघून म्हणाली, "याला पाणी नको, मला पाणी नको. जमेल आमचं."

मी हसलो. मग मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो.

दुपारी तिनं नमुने ओळीनं मांडले. "चपला काढा. उभे राहा यावर. गार लागतं का? घसरतं?" मी म्हटलं, अगं, खोली तुझी, तुला काय आवडतं ते सांग. "माझ्या मेल्या पायांना आता काही कळत नाही. तुम्हीच सांगा." शेवटी मधाच्या रंगाची ठरली. जरा खरखरीत, पायाला उबदार.

मग म्हणाली, एवढ्या एका खोलीत कशाला, स्वयंपाकघरातही घाला, तुमच्या टेबलाखालीही घाला. माणसाच्या एकदा मनात आलं की आलं. घालू.

११ मार्च, मंगळवार

मशीनचं पुस्तक वाचतोय. धोक्याच्या घंटा एकोणीस प्रकारच्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा. वाचताना पान थरथरत होतं — पान नाही, हात. या हातांनी सुई कशी टोचणार? कुणाला बोललो नाही. आणि बोलून तरी काय?

१३ मार्च, गुरुवार

जुनी फरशी उखडली. खाली सगळं ओलं, काळं. मिस्त्री म्हणाला, जमीन आठ दिवस वाळू द्या, नाहीतर नवीही हलेल.

आठ दिवस! माझा धीरच सुटला. ही मात्र शांत. भिंतीला धरून दारापर्यंत आली. "नक्की तारीख सांगा."

"बावीसला देतो, काकू."

"बावीस म्हणजे बावीस. तेवीस नाही."

शाळेत पी.टी. शिकवायची. मिस्त्री हातातली पहार खाली ठेवून ताठ उभा राहिला.

१८ मार्च

जेवली नाही. मीही.

२२ मार्च, शनिवार

झाली. पट्टीत पट्टी अडकत गेली, भिंतीकडेला बोटभर फट ठेवून वर झाकणपट्टी मारली. लांबून खरं लाकूडच वाटतं. फक्त दर सहाव्या पट्टीला लाकडाची तीच छापील गाठ, तिथंच. हिला दाखवलं. "तुम्हाला जन्मात चुकाच दिसल्या," म्हणाली. पण माझा दंड धरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. दोनदा. नंतर मिस्त्रीला बोलावून स्वतःच्या हातानं चहा दिला. कितीतरी दिवसांनी तिनं चहा केला.

खोली आता पास व्हायलाच हवी. मग माझ्या हातांचं काय ते बघू.

२४ मार्च, सोमवार

हिला आत घेतलं, तसा सिस्टरांकडे गेलो. म्हटलं, खोली तयार आहे, मशीन कधी पाठवता? त्यांनी मला बाजूला घेतलं. मग हळूच, "काका, काकू बोलल्या नाहीत तुमच्याशी?"

पंधरा दिवसांपूर्वीच हिनं डॉक्टरांना लिहून दिलंय. घरी मशीन नको. इथंही या शुक्रवारपर्यंतच. पुढे डायलिसिसच नाही.

घरी आलो, हिला खुर्चीत बसवलं. मग विचारलं, "मग ही फरशी कशाला?"

"तुम्हाला राहायचंय ना इथं," म्हणाली.