गादीला येणारा उन्हाचा वास

३ मे, सकाळ.
काल तोमोएचं नाक मोकळं झालं. फेब्रुवारीपासून देवदाराच्या परागांनी चोंदलं होतं. बायकोला पुन्हा वास येऊ लागला, मनापासून आनंद झाला. रात्री तिने आपली गादी उचलून टीव्हीच्या खोलीत नेली. म्हणाली, गुडघ्याला तिकडे बरं पडतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. उद्या परत येईल.

५ मे. सुट्टी.
मुलगी नातीला घेऊन आली. नागी पाच वर्षांची. माझ्या उशीवर लोळली आणि ओरडली, आजोबा, उशीला जुन्या मेणबत्तीचा वास येतोय! मुलीने तिला चिमटा काढला. मी हसलो. मुलांना काहीही सुचतं.
नंतर एकट्याने उशी हुंगली. काही नाही. साबणाच्या कंपनीत चौतीस वर्षं सेल्समध्ये काढलीत, नाक तयार आहे.
तरी कारण सापडलं. पराग चिकटू नयेत म्हणून तीन महिने गाद्या बाहेर वाळत घातल्या नव्हत्या. दोष गादीचा.

६ मे. संकल्प.
गादी रोज दहा ते दोन बाल्कनीच्या कठड्यावर. उन्हात तापलेल्या गादीचा वास म्हणजे तोमोएचा जीव की प्राण. लग्नाच्या पहिल्या वर्षी गादीत तोंड खुपसून म्हणाली होती, हा सुखाचा वास. आठवड्यात परत येईल.

१० मे.
गादीला फर्स्टक्लास उन्हाचा वास. तोमोएला हुंगायला लावली. छान आहे, म्हणाली, आणि टीव्हीच्या खोलीत जाऊन झोपली.
म्हणजे गादी पास. मग ऊन दाखवायचं राहिलं कोणाला? मला.

११ मे. १०.०० ते १२.३०.
बाल्कनीत, बनियनवर, टोपीशिवाय. टकलावर थेट ऊन. समोरच्या ओनुकीआजींनी हाक मारली, कुवाबारासान, बायकोने बाहेर कोंडलं का?
संध्याकाळची आंघोळ रद्द. साबणाने ऊन धुऊन जाईल.

१४ मे.
टक्कल लाल. खाज. गुण येतोय. जेवताना तोमोए खिडकी उघडून बसली. तळणीच्या तेलाचा वास कुठून येतोय, विचारत होती. शेजारी टेम्पुरा तळत असतील, मी म्हणालो.

१६ मे.
मलम आणायला औषधांच्या दुकानात गेलो. तिथल्या मिनोबेबाईंनी विनाकारण लेक्चर दिलं. म्हणे कातडीवर तेल असतं, त्यात स्क्वालीन नावाचं काहीतरी. उन्हातले अतिनील किरण त्याचे तुकडे पाडतात. ते तुकडे भारी उतावळे, समोर येईल त्याच्याशी झोंबतात. कातडी चरचरते, वासही सुटतो. तळणीचं तेल उन्हात ठेवाल का हो, काका? टोपी घाला, साबण लावा, कानामागेसुद्धा. आणि हातात साबण ठेवला. वर लिहिलेलं, ‘वयस्कर पुरुषांसाठी’.
मी म्हणालो, जन्मभर साबण विकलाय मी. त्या म्हणाल्या, विकलात हो, लावलात का?
उद्धट बाई. साबण घेतला, नाहीतर वाईट दिसलं असतं. कपाटात टाकला.
निघताना एक गोष्ट मात्र कामाची कळली. गादीला येणारा उन्हाचा वाससुद्धा म्हणे तसाच. माणसाचं तेल, घाम, त्यांचे उन्हाने पाडलेले तुकडे.

१७ मे.
आनंदाने झोप लागली नाही. म्हणजे तोमोएला चाळीस वर्षं आवडतोय तो वास माझाच! सकाळीच सांगितलं. ती कठड्यावर माझी गादी वेताच्या काठीने बडवत होती. थांबली. म्हणाली, अहो, मग तुम्हालाही टांगून बडवू का? आणि पुन्हा बडवायला लागली, जरा जोरातच.

२१ मे.
पुरावे मांडले तरी ती येत नाही. चाळीस वर्षं तिच्या घोरण्याची तक्रार केली. आता खोलीत घड्याळाशिवाय काही ऐकू येत नाही. करमत नाही, हे इथे लिहून ठेवतो. तिला सांगायची गरज नाही.

२९ मे.
तोमोए परत आली! न बोलावता. गादी माझ्या गादीला लावून अंथरली, पाठ केली, घोरू लागली. मी सुरुवातीपासून बरोबर होतो. विज्ञानाचा विजय. साबणाचं वेष्टणसुद्धा फोडावं लागलं नाही.

३० मे.
सकाळी ती सलग नऊ वेळा शिंकली. डॉक्टरकडे जाऊन आली. आता नदीकाठच्या गवताचे पराग. चार दिवस नाक गच्च, कसलाच वास येत नाही म्हणे. जुलैपर्यंत असंच राहील.
जुलैपर्यंत वेळ आहे.
साबण उघडला. कानामागेसुद्धा लावला.