बुधवारची मंत्रिमंडळ बैठक

सोमवार, २९ सप्टेंबर

नवा पेशंट. एजन्सीने बजावलंय — व्हीआयपी आहे, बाहेर अवाक्षर काढायचं नाही. आफ्रिकेतल्या एका देशाचा मत्स्यमंत्री! मला वाटलं होतं, चांगला दणकट, रुबाबदार माणूस असेल. पलंगावर नुसती हाडं. कॅन्सर हाडांतच उतरलाय. इथे दुबईत समुद्रासमोर बाराव्या मजल्यावर फ्लॅट, उपचार सगळे त्यांच्या सरकारच्या खर्चाने. सोबत मुलगी सफा, सतत फोनवर.

अंग पुसताना गाव विचारलं. वेंगुर्ला, वडिलांची होडी होती, म्हटलं. तर एकदम डोळे उघडले आणि मासे कसे सुकवता ते विचारत बसले. अर्धा तास! बरं वाटलं. इथे घरी सुकट भाजली की अस्मी नाक धरते, "ममा, इट स्टिंक्स."

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज सगळं सांगितलं त्यांनी. जन्म खाडीकाठचा, कोळ्यांच्या वस्तीतला. तिथे आता मोठं बंदर होणार. चार हजार घरं उठणार. विषय यांच्याच खात्याचा. त्यांच्याकडे रीत अशी, की ज्याचं खातं तो मंत्री हजर नसेल तर विषय घ्यायचा नाही. म्हणून सहा आठवडे विषय पडून आहे. म्हणजे यांच्या आजारपणावर ती घरं उभी आहेत.

आता पत्र आलंय. येत्या बुधवारी व्हिडिओवर तरी हजर राहा, नाहीतर खातं दुसऱ्याला देऊ. तो दुसरा मान डोलावणार, हे ठरलेलंच.

हात वर करून मतं द्यायची पद्धत नाही. राष्ट्राध्यक्ष फक्त विचारतात, कुणाचा विरोध? कुणी बोललं नाही की टेबलावर हातोडी आपटतात — मंजूर. एकाने जरी विरोध केला तरी विषय कायमचा मागे घ्यावा लागतो. वीस वर्षांत कुणी केलेला नाही.

"मी करणार, सिस्टर," म्हणाले.

रविवार, ५ ऑक्टोबर

सफाने किचनमध्ये बोलावून घेतलं. पपांनी विरोध केला तर संध्याकाळपर्यंत मंत्रिपद जाईल, म्हणाली. मग हा फ्लॅट नाही, डॉक्टर नाही, तू नाहीस. तिकडे ही औषधं मिळत नाहीत. महिनाभरही काढणार नाहीत. पपांना समजाव, तुझं ऐकतात.

राग आला तिचा. आणि माझे बाबा असते तर मीही हेच बोलले असते, हेही खरं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

उद्या बैठक, दुपारी दोनला. साहेबांनी वचन घेतलं माझ्याकडून — बैठक संपेपर्यंत दुखण्याची गोळी द्यायची नाही. गोळीने गुंगी येते. "डोकं साफ हवं." हो म्हटलं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

काय करून बसले मी!

गोळी तीनला द्यायची असते. पण दीडलाच त्यांचं अंग आकसायला लागलं. आवाज नाही, नुसतं कपाळावर पाणी. बारा वर्षं नर्सिंग करतेय, असं बघत बसायला कुणी शिकवलं नाही मला. दिली गोळी. त्यांनीही तोंडात घेतली. वचन मोडलं मी.

मग तयारी. कोट इतका ढगळ झालाय, की पाठीमागून चिमटे लावले. टाय मी बांधला, अस्मीचा शाळेचा बांधते तसा. पाठीला तीन उशा. लॅपटॉपमध्ये दिसताना खरंच मंत्री वाटत होते! मला अभिमान वाटला. लाज वाटते आता लिहिताना.

स्क्रीनवर एका लांब टेबलाभोवती सव्वीस माणसं. बंदराचा विषय पाचवा. "कुणाचा विरोध?" मी कॅमेऱ्याबाहेर उभी. साहेबांचे डोळे मिटलेले. मान किंचित खाली. मी मनात म्हणतेय, बोला हो, बोला. सफा दारात, तोंडावर हात.

हातोडी आपटली.

सफाने माझे दोन्ही हात धरले, थँक यू म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चार्टवर खरी वेळ लिहिली — १.३०. कुणी बघितलंही नाही. साहेब दिवसभर भिंतीकडे तोंड करून. जेवण परत.

घरी विलासला सांगितलं. "तू नर्स आहेस हेमा, मिनिस्टर नाहीस. उनका मॅटर है. खलास," म्हणाला. डीआयपी औद्योगिक भागातल्या वेअरहाऊसमध्ये दिवसभर उभा असतो बिचारा, त्याला काय सांगू? पण मला ती घरं दिसतात. दारात पसरलेली जाळी, वाळत घातलेले मासे. चार हजार घरं, आणि एक गोळी.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

उद्या सांगून टाकणार. एजन्सीकडे तक्रार केली तर करू देत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सांगितलं. पलंगाशी खाली बसून माफी मागितली. गोळीमुळेच गुंगी आली तुम्हाला, म्हटलं.

मग म्हणाले, "गोळी मी गिळलीच नव्हती, सिस्टर. गालात धरली होती. तुम्ही कोट आणायला गेलात, तेव्हा थुंकून टाकली."

"मग?"

"सगळं ऐकत होतो. पूर्ण जागा होतो."

आणि तीनची गोळी मागितली.