सीझन पाच न बघण्याचा नियम

१० जुलै, गुरुवार. सकाळी ११.

आजपासून ‘केपलर डेपो’ बंद. दिवाळीपर्यंत. बंद म्हणजे बंद.

झालं असं की बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, महाराजांचा चातुर्मास बसला. प्रवचन संपल्यावर महाराज म्हणाले, प्रत्येकानं चार महिने एक आवडती गोष्ट सोडायची. भराभर माणसं उठली. कुणी साखर सोडली, कुणी हॉटेल. बायकांच्या बाजूनं आमची त्रिशला डोळे वटारून खुणा करत होती. चहा. चहा सोडा. मी दिवसाला सात कप पितो. कुपवाडात लेथचं वर्कशॉप चालवायचं आणि चहा सोडायचा? मशीन तेलाशिवाय चालवा म्हणण्यातला प्रकार. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, महाराज, मी एक टीव्ही सीरियल सोडतो. महाराजांनी विचारलं, फार आवडते का? म्हटलं, जीव आहे माझा. सगळी बस्ती वळून बघायला लागली. बरं वाटलं.

आता खाजगीत लिहितो. सीझन पाचचा ट्रेलर आल्यापासून त्या डेपोचं तोंड बघायची इच्छा नव्हती. पहिले चार सीझन काय होते! अंतराळात लांब कुठंतरी एक गॅरेज. मोडकी यानं येतात, चीफ मॅरन नावाची म्हातारी पाना घेते आणि दुरुस्त करते. बास. माणसाला आणखी काय पाहिजे? आणि पाचव्यात काय, तर चौथ्यात मेलेली मॅरन टाइम ट्रॅव्हल करून पंचविशीची होऊन येते आणि झगा घालून नाचते. अरे, मग नट कोण आवळणार?

तेव्हा चहा वाचला, पुण्य लागलं आणि घाण बघायची टळली. एका दगडात तीन पक्षी. (जैनानं असं लिहू नये. एका नियमात तीन फायदे.)

वाईट फक्त ब्राह्मीचं वाटतं. लेक माझी. मिरजेला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर असते. दर शुक्रवारी संध्याकाळी घरी येते ती फक्त डेपोसाठी. नवा सीझन नसला की जुना लावतो. पाच वर्षं चाललंय. तिला माझ्यापेक्षा जास्त वेड. फोन करून नियम सांगितला तर तिनं दोनदा विचारलं, दिवाळीपर्यंत? मग म्हणाली, बरं पप्पा. रडू आवरत असणार.

११ जुलै.

‘केपलर डेपो फॅन्स, सांगली-मिरज-कुपवाड’. मेंबर सतरा, अ‍ॅडमिन मी. बहिष्काराचा ठराव टाकला. सोळा अंगठे आले. सम्मेदनं दोन टाकले. सम्मेद म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं. शब्दाचा पक्का माणूस.

१८ जुलै, शुक्रवार. दुपारी २.

पहिला एपिसोड साडेबाराला आला. मला काही फरक पडला नाही. साडेबारा, बारा एकतीस, बारा बत्तीस, घड्याळाकडं लक्षसुद्धा नव्हतं.

वर्षाची सब्स्क्रिप्शन वाया जायला नको म्हणून मोबाइलवर माझा पासवर्ड धनाजीला घालून दिला. धनाजी बारा वर्षं माझ्याकडं लेथवर आहे. म्हसवडकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं हिंदीत बघितला. मी काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, कसा आहे, म्हणजे लोकांना सावध करता येईल. तर म्हणाला, “मालक, लय झ्याक हाय. म्हातारी तरणी हून आलीया. पन तिला तिचंच यान वळखू येईना बगा. आवं, आमच्यात हजार मेंढरात कोकरू आपली आय हुडकतंय, आन हिला एवढं मोठ्ठं यान वळखंना व्हय?”

नियम ‘बघणार नाही’ असा घेतलाय. ऐकण्याबद्दल महाराज काही बोलले नव्हते. आणि धनाजीचा मुद्दा बिनतोड आहे. ग्रुपवर टाकला. मेंढरं काढून, माझ्या नावानं.

सायंकाळी ६.

ब्राह्मी आली नाही. सबमिशन आहे म्हणे. मी ओळखलं. टीव्ही समोर असताना डेपोशिवाय बसणं तिला जमायचं नाही. हळवी आहे पोरगी.

२५ जुलै, शुक्रवार.

धनाजी गोष्ट सांगताना फार मेंढरं घालतो. आज तो बघत होता तेव्हा त्याच्याकडं पाठ करून बसलो आणि नुसतं ऐकलं. एका ठिकाणी पाना लावल्याचा आवाज आला. आवाजावरून सांगतो, पाना एक नंबर मोठा होता. ह्या लोकांनी जन्मात कधी वर्कशॉप बघितलेलं नाही.

ब्राह्मी आली नाही. प्रॅक्टिकल.

ठराव: तिला रोज एक फोन करून धीर द्यायचा.

१ ऑगस्ट, शुक्रवार.

तिसरा एपिसोड. पाठ करूनच बसलो होतो. पण समोर सकाळीच पॉलिश केलेला जाडजूड शाफ्ट होता आणि त्याच्यात धनाजीचा मोबाइल दिसत होता. लांबट, चेपलेला, पण स्पष्ट. आता मी काय डोळे बांधून बसू? बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं. रस्त्यानं जाताना दारूचं दुकान दिसतं, म्हणून काय आपण प्यालो?

आणि जे दिसलं त्यानं तळपायाची आग मस्तकात गेली. मॅरन बोल्ट आवळते, डावीकडं फिरवून! आवळताना डावीकडं! चार सीझन या बाईनं आम्हाला पाना कसा धरायचा ते दाखवलं आणि आता ती सरळ आट्यांचा बोल्ट उलटा आवळते. ताबडतोब ग्रुपवर अडीचशे शब्द लिहिले. शेवटी लिहिलं, ‘ही मॅरन नव्हे, हिला कुपवाडात कुणी झाडायलासुद्धा ठेवणार नाही.’

२ ऑगस्ट.

सम्मेदनं ग्रुपवर त्या सीनची क्लिप टाकली. त्यात बाई व्यवस्थित उजवीकडं फिरवतीय. खाली लिहिलंय, ‘नेमू, आरशात बघितलास काय?’

उघड आहे. माझी टीका वर पोचली आणि त्यांनी एका दिवसात दुरुस्त केलं. लाज वाटली असेल.

पण क्लिप टाकली म्हणजे सम्मेदनं सीझन बघितला! विचारलं तर निर्लज्जपणे म्हणतो, “बघितला की. तिसऱ्याला तर रडलो. नाच सोडला तर वाईट नाही रे. पण तू बघितला नाहीस ना, मग तुला बोल्ट कसा कळला?”

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. सम्मेदला ग्रुपमधून काढलं.

५ ऑगस्ट.

सम्मेदनं नवा ग्रुप काढला. ‘डेपो, शांततेत’. माझ्याकडचे अकरा तिकडं गेले. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी मला म्यूट केल्याचं कळलं. एकाचा नंबर बंद आहे. चौथा त्रिशलाचा भाऊ.

गर्दी गेली, दर्दी उरले.

१७ ऑगस्ट, रविवार.

ब्राह्मी आली! महिन्यानं. आली ती दुपारभर झोपली. उठल्यावर त्रिशलानं तिच्या डोक्याला तेल लावलं आणि दोघी स्वयंपाकघरात खिदळत बसल्या. किती दिवसांनी घरात तो आवाज आला. मी चहाच्या निमित्तानं आत गेलो आणि म्हटलं, ऐकलंस का, पाचव्या एपिसोडात म्हणे डेपोची क्रेनच विकून टाकली. तिचं हसू थांबलं. म्हणाली, “हो का,” आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. दुःख लपवत होती. मीपण मग जास्त ताणलं नाही.

चीड याची येते की या लेखकांनी एक सीरियल बिघडवून माझी लेक घरापासून तोडली. पाच वर्षांत एक शुक्रवार चुकला नव्हता तिचा. परीक्षा असली तरी बसायची. यांना कोण जाब विचारणार?

२२ ऑगस्ट, शुक्रवार.

काल रात्रभर विचार केला आणि गाठ सुटली. नियम आवडत्या गोष्टीचा होता. महाराजांनी विचारलंच होतं, आवडते का? मग जी गोष्ट अजिबात आवडत नाही, ती बघितल्यानं नियम मोडेल कसा? कारल्याचा रस प्यायला म्हणून गोड सोडल्याचं व्रत मोडतं का?

तेव्हा आज धनाजीकडं तोंड करून बसलो. सहावा एपिसोड पूर्ण बघितला. पण नाराजीनं. मधेमधे “शी” म्हणालो. धनाजी म्हणाला, “मालक, शी म्हनताय आन फुडं सरकताय. माझी भाकरी दिसंना झालीया मला.” घरी जाऊन टीव्हीवर पहिले पाचही बघून टाकले, त्रिशला मंडईत गेली तेवढ्यात, पळवत पळवत. सगळे नाराजीनंच.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.

पर्युषण पर्व सुरू झालं. दहा दिवस एकभुक्त. त्रिशला म्हणते, तुम्ही चहा सोडला असता तर बरं झालं असतं, हल्ली नऊ कपावर गेलाय आणि बोलणं कडूच.

सातवा एपिसोड बंडल. ब्राह्मी आली नाही. कारण विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी २.

शेवटचा एपिसोड. पर्वात, उपाशीपोटी, तोंड वाकडं करूनच बसलो होतो.

मॅरन झगा काढून टाकते. कामाची जुनी डांगरी घालते. डेपोत कुणी उरलेलं नसतं. शेवटचं यान उभं असतं आणि ती एकटी, एक अक्षर न बोलता, पंधरा मिनिटं ते दुरुस्त करते. पंधरा मिनिटं! संगीत नाही काही नाही, नुसता पान्याचा आवाज. आणि पाना योग्य नंबरचा.

डोळ्यांत पाणी आलं. कूलंटचा धूर असतो वर्कशॉपमध्ये. धनाजी म्हणाला, मशीन तर बंद हाय. गप जेव म्हटलं.

खरं लिहितो. मला त्या क्षणी ब्राह्मी शेजारी पाहिजे होती. मी कोपर मारलं असतं आणि ती म्हणाली असती, भारी ना पप्पा. नेहमी म्हणते.

ठराव: दिवाळीला नियम सुटला की पहिल्याच दिवशी दोघांनी बसून आठही एपिसोड सलग बघायचे. मी पहिल्यांदाच बघतोय असं दाखवीन. तिला किती आनंद होईल!

८ सप्टेंबर. सकाळी १०.

क्षमावाणी. आज एकमेकांची क्षमा मागून वर्षभराचं सगळं धुऊन टाकायचं. बस्तीत सगळ्यांना हात जोडून आलो. सम्मेदलाही क्षमा केली. तो म्हणाला, मी काय केलं? तरी केली. सीझन पाचच्या लेखकाला सात एपिसोडांपुरती राखून ठेवली आहे.

ब्राह्मी सुट्टी काढून येणार आहे. दिवाळीचा बेत आजच सांगणार.

दुपारी ३.

ब्राह्मी आली. पाया पडली. हात जोडले आणि म्हणाली, “पप्पा, क्षमा करा. पाच वर्षं खोटं बोलले मी. मला डेपो कधीच आवडला नाही.”

मला वाटलं सीझन पाचबद्दल बोलतीय. म्हटलं, कुणाला आवडला बाळ? तर म्हणाली, “नाही पप्पा. पहिल्यापासूनच.”

मग सांगितलं तिनं. लॉकडाऊनमध्ये वर्कशॉप बंद होतं तेव्हा मी दिवसभर भिंतीकडं बघत बसायचो म्हणे. जेवायला हाक मारली तरी वळायचो नाही. हिला भीती वाटायला लागली. नववीतली पोरगी ती. तिनं नेटवर मशीनची सीरियल शोधली. “तुम्ही पहिल्या एपिसोडला हसला, म्हणून मग दुसरा लावला.” मग थांबताच येईना. नियम घेतला तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं. म्हणाली, “हॉस्टेलवर सगळ्यांना सांगितलं मी, माझ्या पप्पांनी त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट सोडली. तुम्हाला एवढं जमलं, मग मला खरं बोलायला काय झालं?”

मला भिंत आठवतच नव्हती. आता आठवतीय.

हात जोडलेलेच होते माझे. आठ एपिसोड ओठावर आले होते. म्हणालो काय, तर “मलाही कुठं एवढा आवडायचा.” चहा घेऊन आलेल्या त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. ब्राह्मी गेल्यावर हळूच म्हणाली, टीव्हीवर तुमच्या नावाखाली आठच्या आठ भाग बघून झाले असं येतंय, ते काय ते बघा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.

ब्राह्मी आली नाही. यायचं कारणच राहिलं नाही.

पाच वाजल्यापासून सोफ्यावर आहे. टीव्ही बंद. त्रिशलाला विचारलं, तिला काय बघायला आवडतं? त्रिशला म्हणाली, तिलाच विचारा की. फोन केला, उचलला नाही. मग मेसेज टाकला. “उत्तम क्षमा. आठही एपिसोड बघितले मी. नियम मोडला. तुला काय आवडतं बघायला?”

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ ‘टायपिंग’ येत राहिलं. शेवटी आलं एवढंच: “विचार करून सांगते पप्पा. कुणी विचारलंच नव्हतं.”