दिवस मावळायच्या आत

वेलिंग्टन, न्यूझीलंड
दि. २० डिसेंबर २००२

ती. आक्कांना,
दीपाचा नमस्कार आणि जय जिनेंद्र.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते शेजारच्या बाळाबाईंना लिहायला सांगा, कारण तुम्ही स्वतः "बरा हाय" यापलीकडे एक अक्षर लिहिणार नाही. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा. घरबसल्या त्यांचीही परदेशवारी होऊ दे.

ऑकलंडला वृषभच्या घरी आठ दिवस राहिलो आणि परवा चौघं मोटारीनं निघालो. वृषभ गाडी चालवतो, सूनबाई विद्याश्री नकाशा मांडीवर घेऊन त्याला रस्ता चुकवते, आणि मागच्या सीटवर आम्ही दोघं. डबे माझ्या पायाशी. चपात्या, तुपातला रवा, शेंगदाण्याची चटणी. त्या चटणीनं विमानतळावर काय गंमत केली सांगू? इथं खाण्याच्या वस्तूंची फार तपासणी. तिथल्या साहेबानं पुडी उघडून नाकाशी नेली आणि ओळीनं पाच शिंका दिल्या. हे त्याला मराठीतच म्हणाले, "कोल्हापूरची हाय, जपून." साहेबानं हात जोडून पुडी परत दिली.

देश मोठा देखणा आहे. माणसं थोडी आणि मेंढरं फार. दिवसभर गाडीत बसलं तरी हॉर्न ऐकू येत नाही, त्यामुळं मला अधूनमधून आपण आजारी माणसाच्या खोलीत बसलोय असं वाटतं. वाटेत एका गावी जमिनीतून नुसत्या वाफा निघत होत्या. ते बघून हे ओरडले, "गुऱ्हाळ हाय की!" वास मात्र गुळाचा नव्हता. कसला होता ते लिहीत नाही.

तुमची मोठी काळजी जेवणाची, हे मला ठाऊक आहे. तर ऐका. इथं सध्या दिवस मावळतो रात्री पावणेनऊला! वर्तमानपत्रात सूर्यास्ताची वेळ मिनिटासकट छापतात, आणि विद्याश्री ती रोज मला वाचून दाखवते. मंगळवार पेठेत साडेचार वाजले की तुमच्या भावाची माझ्यामागं घाई सुरू व्हायची. इथं आम्ही आठ वाजता उन्हात बसून जेवतो. हे वृषभला म्हणाले, "ह्यो देश आपल्यासाठीच केलाय बघ." कांदा-बटाट्याचा तेवढा इथं सुकाळ आहे, पण आम्ही आमच्या डब्यावर आहोत.

परवा फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "वर्धमान का येत न्हाई फोनवर?" ते अंघोळीला गेले होते. त्याच्या आधीच्या खेपेला झोपले होते. प्रवासानं माणूस दमतो, दुसरं काही नाही. उगाच मनात काही आणू नका. या पत्रात दोन ओळी लिहा म्हटलं तर म्हणाले, तूच लिही.

उद्या मोठ्या बोटीत गाडीसकट चढून दक्षिणेकडच्या बेटावर जायचं आहे. तिथून पुढं समुद्राच्या कडेकडेनं.

आपली,
दीपा


डनीडन, न्यूझीलंड
दि. ६ जानेवारी २००३

ती. आक्कांना,
दीपाचा नमस्कार.

हे पत्र एकट्यानं वाचा. बाळाबाई बसल्या असतील तर त्यांना चहा देऊन वाटेला लावा आणि मग चष्मा लावा. आम्ही दोन फेब्रुवारीला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरणार. त्याआधी हे तुमच्या हाती पडायला हवं, म्हणून आज लिहायला बसलेच आहे. गेले चार दिवस नुसता कागद काढत होते आणि परत ठेवत होते.

बोट छान होती. साडेतीन तास लागले. पलीकडं उतरल्यावर रस्ता अगदी समुद्राला चिकटून जातो. एका बाजूला आपल्या चंदगडच्या वरताण हिरवे डोंगर, दुसऱ्या बाजूला निळं पाणी, आणि खडकांवर सील नावाची काळी धूडं ऊन खात पडलेली. मी एकीला "अगं बाई, ऊठ आता" म्हणाले तर तिनं एक डोळा उघडून परत मिटला. ख्राइस्टचर्च म्हणून शहर आहे, तिथं बागाच बागा. इथं डनीडनला एक रस्ता इतका चढाचा आहे की...

बघा, अजून मी रस्त्यांवरच आहे. तीस वर्षं शाळेत "मुद्द्याला ये" म्हणून पोरांपुढं पट्टी आपटली आणि माझाच मुद्दा काही येत नाही.

आक्का, हे विसरायला लागलेत. चष्मा, किल्ल्या विसरतात ते सोडा, ते आपण सगळेच विसरतो. श्रावणात एका सकाळी हे दुकानात जातो म्हणून निघाले. भांड्यांचं दुकान विकून तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी वाण्याकडं गेले होते. दुपारपर्यंत पत्ता नाही. शेवटी उचगावातून एका माणसाचा फोन आला, "पावणं बसल्यात हितं एसटीच्या थांब्यावर. खिशातल्या डायरीत नंबर गावला तुमचा." मी रिक्षा घेऊन गेले. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस, दुकान कुठं सापडंना." त्या संध्याकाळी तुम्ही आमच्याकडं आला होता. मी तुम्हाला म्हणाले, उन्हात फिरून डोकं दुखतंय त्यांचं.

डॉक्टरांना दाखवलं. विस्मरणाचा आजार आहे, वाढत जाणार, औषधानं फार तर सावकाश वाढेल. वृषभला कळवलं तेव्हा तो फोनवर रडला, आणि दुसऱ्या दिवशी तिकिटं काढली. यांना लहानपणापासून नकाशात तळाला कोपऱ्यात असलेला हा देश बघायचा होता. तुम्ही मात्र त्या वेळी मला म्हणाला होता, "या वयात कसली हौस गं तुझी!" मी ऐकून घेतलं. माझी हौस म्हणून चालून जात होतं ते बरंच होतं.

तुम्हाला का सांगितलं नाही? भ्याले, म्हणून. तुम्ही चौदा वर्षांच्या असताना आई गेली आणि सात वर्षांच्या या भावाला तुम्ही वाढवलंत. मी आले ती बाविसाव्या वर्षी, आयता मोठा झालेला माणूस घ्यायला. तुमच्या भावाचं असं झालं हे तुम्हाला सांगताना माझ्याच हातून काही मोडल्यासारखं वाटत होतं.

आता दुसरं, आणि हे जास्त अवघड आहे.

ख्राइस्टचर्चहून इकडं येताना ओमारू म्हणून लहानसं गाव लागतं. तिथं टीचभर उंचीचे पेंग्विन पक्षी दिवसभर समुद्रात असतात आणि दिवस मावळला की रांगेनं किनाऱ्यावर आपापल्या बिळात येतात. ते बघायला बाकांवर लोक बसतात. आम्ही आठ वाजता जेवून घेतलं आणि जाऊन बसलो. साडेनऊच्या सुमाराला सूर्य गेला. वारं असं की हाडात शिरत होतं. अंधारू लागल्यावर पहिले पाच-सहा पक्षी पाण्यातून आले, पडले, उठले आणि घाईघाईनं चालू लागले. हे खुदकन हसले. श्रावणापासून मी तसं हसू ऐकलं नव्हतं.

यांच्या शेजारी तिथली एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर कागदात गरमागरम काहीतरी होतं. तिनं यांच्यापुढं कागद धरला. यांनी मान लववून एक उचललं आणि तोंडात टाकलं. मग दुसरं. बटाट्याच्या तळलेल्या फोडी होत्या, आक्का. बटाटा, आणि दिवस मावळल्यावर.

वृषभ उठायला लागला. मी त्याचा गुडघा दाबून त्याला खाली बसवलं.

आई गेली त्या चातुर्मासात तुम्ही यांना हाताला धरून बस्तीच्या देवळात महाराजांपुढं उभं केलंत आणि कंदमूळ नाही, दिवस मावळल्यावर अन्न नाही, असा नियम घ्यायला लावलात. छप्पन्न वर्षं पाळला यांनी. चंदगडच्या घाटात एसटी बंद पडली होती तेव्हाचं आठवतं ना? ढगांमुळं सूर्य दिसेना, तेव्हा मावळला असंच धरायचं म्हणून भरला डबा मांडीवर घेऊन रात्रभर उपाशी बसले होते. आणि मी लग्नाच्या वर्षी दिवेलागणीनंतर एक पेरू खाल्ला तर तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. हे सगळं त्या बाकावर माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

माझा हात पुढं गेलाही होता. पण मी थांबवलं असतं तर यांनी कारण विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं की तुमचा नियम आहे. म्हणजे नियम मोडला हेही कळणार, आणि आपल्याला तो आठवतच नाही हेही कळणार. त्या गारठ्यात, हसऱ्या तोंडावर, दोन्ही एकदम कसं सांगू? मला जमलं नाही.

आणि तेवढ्यात यांनी त्या कागदातली एक फोड उचलून माझ्यापुढं धरली. "घे की, गरम हाय. गारठलीस."

मी घेतली. खाल्ली. मला सगळं आठवत होतं, तरी खाल्ली. ते एकटे त्या बाजूला आणि मी अलीकडं माझं पुण्य सांभाळत बसलेली, हे मला सहन झालं नसतं. आणि आता लपवायचंच नाही म्हणते तर हेही लिहिते, चव चांगली होती.

महाराज जे प्रायश्चित्त देतील ते मी घेईन. तुम्ही आठ दिवस बोलला नाहीत तरी चालेल, महिना बोलला नाहीत तरी ऐकून घेईन. फक्त यांच्यापुढं हा विषय काढू नका. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या यांनी वृषभला विचारलं, "दिवस मावळायच्या आत पोचू न्हवं? जेवण व्हायला पायजे." त्यांच्या लेखी त्यांचा नियम धड आहे. तो तसाच असू द्या.

आता शेवटचं. खरं तर हेच पहिल्यांदा लिहायला हवं होतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुमचा फोन आला तेव्हा हे अंघोळीला गेले होते. ते खोटं होतं. ते माझ्या शेजारी उभे होते. मी हळूच म्हणाले, "घ्या, आक्का आहेत." त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, तुमचं "वर्धमान का येत न्हाई?" ऐकलं आणि तो परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "कोण आक्का?" मोठ्यानं म्हणाले. मी तळव्यानं रिसीव्हर झाकला. तुमच्यापर्यंत पोचलं की नाही, मला माहीत नाही. तुम्ही एकदम भाव विचारलात इथल्या दुधाचा.

कधी आठवतंय, कधी नाही, असं चाललंय. परवा आपण होऊन म्हणाले, "आक्कासाठी एक लोकरीची शाल घे, तिला थंडी बाधती." घेतली आहे. पण दोन तारखेला सकाळी स्टेशनवर कसा दिवस असेल हे मला सांगता येणार नाही. तुम्ही येणार, हे ठाऊक आहे. गुडघा दुखला तरी येणार, आणि सवयीनं लांबूनच हाक मारणार, "वळखलंस का रं मला?"

ते विचारू नका, आक्का. माणसं असं विचारतात तेव्हा यांचा चेहरा केविलवाणा होतो, परीक्षेला बसवलेल्या पोरासारखा. तुम्ही जवळ या, हात हातात घ्या आणि आपण होऊनच सांगा, मी सीता, तुझी थोरली बहीण. दुसऱ्या दिवशी लागलं तर परत सांगा. मीही आताशा सकाळी तेच करते. चहाचा कप पुढं ठेवते आणि म्हणते, मी दीपा, तुमची बायको. कधी हसून "म्हाईत हाय की" म्हणतात. कधी नुसतं "बरं" म्हणतात आणि चहा पितात.

नुसतं "बरं" म्हणाले तरी हात सोडू नका.

तुमच्या भावाला घेऊन येते.

दीपा