लेखात न घातलेले डबे

टूवूंबा, ऑस्ट्रेलिया

प्रिय ताई,

यंदाचा दिवाळी अंक तुला ओहायोला पाठवू नका, असं मी संपादकांना कळवलंय. माझ्या गोष्टींतले खून, भुतं, एखादी प्रेमकथा, सगळं तू हौसेने वाचतेस. पण यंदा त्यात माझा लेखही आहे, 'अमेरिकेतला एकटा माणूस'. नेहमीसारखाच ठासून लिहिलाय, की तिथे कुणाला कुणासाठी वेळ नसतो. मी अमेरिकेत राहिलोय एकूण बारा दिवस, तेही तुझ्याच घरी. बाकीची अमेरिका तुझ्या फोनवरून उचललेली. कंटाळा आलाय गं आता या मतांचा.

भाऊजी गेले तेव्हा मी म्हणालो, "हॉस्पिटलच्या कामातून सुट्टीच मिळत नाहीये." तू लगेच म्हणालीस, "असू दे रे, एवढ्या लांबून कुठे धावत येतोस!" आठवड्याभराने सांगितलंस, की शेजारचे गोरे रोज पाळीपाळीने डबा आणून देत होते, आणि एक म्हातारी तर तुझ्या सोबतीला झोपायला यायची.

ते डबे मी लेखात घातले नाहीत. मुद्दाच बिघडला असता.

माझ्या कथांमधला इन्स्पेक्टर प्रत्येकाला विचारतो, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? मी घरीच होतो, ताई. सुट्टी मागितली त्याच आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मंजूर झाली होती. "नो वरीज मेट, दोन आठवडे घे," बॉस म्हणाली.

त्या दोन आठवड्यांत मी हा लेख पूर्ण केला.

तुझा धाकटा,
प्रल्हाद