‘ये’ दोनदा वाजतं

सोमवार, २ मार्च

जमलं! एकच सोर्स कोड, आणि फोन, टॅबलेट, जुनाट कॉम्प्युटर — तिन्हीवर ‘बोलती पाटी’ चालली. कमांड दिली, चहा घेऊन येते तो तिन्ही बिल्ड, म्हणजे त्या त्या यंत्रावर चालणाऱ्या प्रती, तयार. वाचा गेलेल्या माणसानं चित्र दाबायचं, पाटीनं शब्द बोलायचा. पाणी. दुखतंय. नको. ये. शुक्रवारी हॉस्पिटलच्या वाचा-उपचारवाल्या बाईंना द्यायची, त्यांच्या बारा पेशंटसाठी.

शंकासुर (आमचा टेस्टर, नाव त्यानं कष्टानं कमावलंय) म्हणाला, “एका ठिकाणी चूक झाली तर तिन्हीकडे झाली, बघ.” मी म्हटलं, दुरुस्तीही तिन्हीकडे होते की! तीन चुली मांडल्या तर तीनदा फुंकत बसावं लागतं.

मंगळवार, ३ मार्च

बाबांच्या कॉम्प्युटरवरची नोंद आली. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांचं बोलणं गेलं. पाटी मुळात त्यांच्यासाठीच लिहायला घेतली. कोणतं बटण कधी वाजलं ते रोज मला इथे दिसतं. सगळं ठीक. ‘ये’ मात्र दोनदा वाजतं, रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला. कॉम्प्युटर म्हातारा झालाय, दुसरं काय!

आईचा फोन. “कधी येतेस?” शुक्रवार होऊ दे, म्हटलं. तीन आठवडे मी एकेका शुक्रवाराचं नाव सांगतेय.

बुधवार, ४ मार्च

खात्री करायला इथूनच आईच्या फोनवरही पाटी टाकली, आज बाबांना तोच द्यायला सांगितला. सहा वाजता तिथंही ‘ये’ दोनदा! म्हणजे कॉम्प्युटर बिचारा निर्दोष. दोन्ही यंत्रांना एकच खोड, तर मूळ सामायिक कोडमध्ये. साधा हिशेब आहे.

शंकासुर : “किंवा दोन्हीकडे माणूस एकच.” बरोबर, बाबांचा हात थरथरत असणार. सामायिक भागात चार ओळी घातल्या : तेच बटण लगेच पुन्हा दाबलं, तर दुसरं दाबणं मोजायचं नाही. एकदा लिहिलं, तिन्हीकडे लागू. “मग फक्त ‘ये’लाच का थरथरतो?” असं काहीतरी तो पुटपुटत होता. मला घाई होती.

गुरुवार, ५ मार्च

‘ये’ एकदाच. म्हटलं नव्हतं!

त्यानंतर मात्र एकही बटण नाही. झोपले असतील लवकर.

शुक्रवार, ६ मार्च

सकाळी पाटी दिली. दुपारी बाईंचा फोन. एक आजी ‘दुखतंय’ पुन्हा पुन्हा दाबतायत, पाटी एकदा बोलून गप्प. आजी रडायला लागल्या. “अहो, दुखणारं माणूस एकदाच सांगून थांबतं का?”

बारा माणसांची तोंडं मी चार ओळींत बंद केली होती, आणि वर कौतुक करून घेत होते स्वतःचं!

आईला फोन लावला. बाबांचा हात फार थरथरतो का गं?

“हात? छे! चमच्यातलं सूप सांडत नाहीत ते. कालपासून पाटीवर रुसलेत. ‘ये’ दाबतात, पुन्हा दाबतात, दुसऱ्यांदा आवाजच येत नाही. मग खिडकीकडे तोंड.”

पण दोनदा का दाबतात?

“तुला बोलावतात गं. ऑफिस सुटायची वेळ ना ती. लहानपणापासून पहिल्या हाकेला कधी आलीस तू? पुस्तकात डोकं खुपसलेलं. दुसरी हाक मारावीच लागायची. तेच चाललंय अजून.”

खुर्चीतच बसून राहिले. रडले, लपवत नाही. शंकासुरानं पाण्याचा ग्लास ठेवला आणि पहिल्यांदाच एकही शंका काढली नाही. मग चार ओळी पुसल्या, तिन्ही बिल्ड पुन्हा काढले, बाईंकडे स्वतः जाऊन टाकून आले. आजींनी ‘दुखतंय’ सलग पाच वेळा वाजवलं, नर्स धावली. माझं म्हणणं अजून तेच — कोड एकच हवा. फक्त त्यात हात घालण्याआधी माणसाला विचारायचं.

शनिवार, ७ मार्च

घरी आहे. सहा वाजता स्वयंपाकघरात आईला मदत करत होते. आतून आवाज आला : ‘ये’. हातातलं भांडं टाकून पळाले. बाबांनी दुसऱ्यांदा दाबायला बोट उचललंच होतं. मला दारात बघून ते तसंच हवेत राहिलं.